फाटकाची एकच चावी

बापू,

तुमच्या धाकट्याचा फोन आला. तो रडत रडत "बापू गेले" म्हणाला आणि माझ्या तोंडून जो पहिला प्रश्न निघाला तो ऐकून त्याला माझा रागच आला असणार. मी विचारलं, "कुठे?" तो म्हणाला, "कुठे म्हणजे काय काका, घरीच. ओट्यावर बसले होते. चहा पिऊन झाला होता." बापू, तुमच्यापासून काय लपवायचं, मला आधी हायसं वाटलं. रडू नंतर आलं.

त्या पोराला काय कळणार. इथे परमुलखातल्या कामगार-कॅम्पात कुणी गेल्याचं कळलं की 'कसा गेला' असं कुणी विचारत नाही, 'कुठे गेला' विचारतात. दुपारी जाऊन फाटक सांभाळणाऱ्या इद्रिसला सांगितलं, तर त्यानेही तेच विचारलं, "घर में?" घर में, म्हटलं. त्याने दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले, अल्हम्दुलिल्लाह म्हणाला आणि मग डोक्यावरच्या गुत्र्याच्या टोकाने डोळे पुसले. मेसमध्ये ज्याला ज्याला सांगितलं त्यानेही पहिल्यांदा हेच विचारून घेतलं, आणि मान हलवून पुन्हा डाळीत रोटी बुडवली. तुम्ही गेल्याचं दुःख सगळ्यांना झालं, पण वाईट कुणालाच वाटलं नाही. हे वाक्य तुम्हीच नीट समजू शकाल.

इथे मेलेला माणूस लवकर घरी जात नाही. कफीलची, म्हणजे इथल्या मालकाची सही, पोलिसांचा कागद, वकिलातीचा कागद, आणि तोवर माणूस थंड खोलीत. मग पेटी येते, आणि ती उघडू नका असं घरच्यांना सांगतात. आपण दोघांनी मिळून अशा पेट्या विमानतळावर पोचवल्या आहेत. त्याच पेटीच्या वाटेने तुम्ही निघाला होतात, अर्ध्याहून अधिक गेलाही होतात. आणि कशापायी, तर एका फाटकापायी.

हे फाटक काय प्रकरण आहे ते तुमच्या घरी कुणाला कधी उमगलं नाही. काकू एकदा मला फोनवर म्हणाल्या होत्या, "वाळवंटात फाटक कशाला लागतंय? तिथं वलांडतंय कोण?" म्हणून परवा धाकट्याला मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. आपला कारखाना सिमेंटचे अजस्र पाइप करतो. पाइप ओतायची शेड एका बाजूला, ते सुकवायचं मैदान दुसऱ्या बाजूला, आणि मधून रेल्वेचा फाटा जातो, खडी आणि सिमेंट आणणाऱ्या मालगाडीचा. पाइप इकडून तिकडे न्यायला विजेवर चालणारी गाडी, जिला आपण सगळे ट्राम म्हणतो. तिच्या डोक्यावर तार, तारेला टेकलेला दांडा. ही ट्राम मालगाडीचे रूळ जिथे ओलांडते तिथे फाटक. आता प्रश्न असा की त्या फाटकावरच्या तारेत वीज ठेवायची की नाही? ठेवावी, तर मालगाडीच्या वाघिणींवर ताडपत्री सोडायला माणसं चढलेली असतात, तार त्यांच्या डोक्याशी येते. न ठेवावी, तर ट्राम ओलांडणार कशी? धाकटा म्हणाला, "एवढंच होय?" मी म्हटलं, बाबा रे, एवढ्यावरच तुझे वडील आणि मी सहा वर्षं भांडलो.

तुम्ही यायच्या आधी तिथे तारेचा एक तुकडा कायमचा मेलेला ठेवलेला होता. ट्रामने वेग घ्यायचा आणि त्या वेगात बिनविजेची पलीकडे सरकायचं. तुम्ही नवे नवे आलात, डोक्याला पंचा गुंडाळून फाटकाशी अर्धा दिवस उभे राहिलात, आणि मला म्हणालात की हे चुकीचं आहे. मला आधीच घाटावरच्या माणसाने शहाणपण शिकवलेलं खपत नाही. मी म्हटलं, मेलेली तार कुणाला मारत नाही. तुम्ही म्हणालात, तार मारणार नाही, रुळांत अडकलेली ट्राम मारील. आणि नेमकं त्याच आठवड्यात वारं सुटलं, रुळांवर वाळू चढली, आणि पाइपासकट ट्राम ऐन रुळांत बसली. मी, तुम्ही, इद्रिस, शेडमधले झाडून सगळे तिला ढकलतोय, लांबून मालगाडीचा भोंगा ऐकू येतोय, आणि तुम्ही तशा धापेतही माझ्याकडे वळून विचारताय, "काय कोकण्या, मेलेली तार बरी हाय ना?" त्या क्षणी ट्राम सोडून तुम्हालाच ढकलावंसं वाटलं होतं.

मग तुम्ही ती चावी आणलीत. म्हणजे कल्पना तुमच्या वडिलांची, आबांची. बार्शीकडच्या छोट्या लाइनीवर ते फाटकवाले होते, कोळशाच्या इंजिनाच्या काळात. त्या फाटकाचं कुलूप लावून चावी सिग्नलच्या खोक्यात फिरवल्याशिवाय गाडीला सिग्नल पडतच नसे. तुम्ही तीच युक्ती तारेला लावलीत. खांबावर एक खोकं. चावी खोक्यात असेल तर फाटकावरच्या तारेत वीज, ट्राम खुशाल जावी. मालगाडी आली की चावी फिरवायची, वीज बंद होते, आणि तेव्हाच चावी हातात येते. त्याच चावीने रुळांवर आडव्या असलेल्या फाटकाचं कुलूप उघडायचं. फाटक मालगाडीला मोकळं असेतोवर चावी कुलपातच अडकून राहते. म्हणजे गाडी आणि वीज, दोघींची गाठ पडणं शक्यच नाही. कारण चावी एकच.

मला ते आवडलं होतं, बापू. तेव्हा म्हटलं नाही, कारण तुम्ही आधीच फार खुशीत होतात.

तुमचं त्या फाटकावर बोलत बसणंही मला आवडायचं. आबांना ज्वारीच्या रानावर धूर दिसला की फाटक लावायचं कळायचं, म्हणून तुम्ही डिझेलवर खार खाऊन होतात. "कोळशाचं इंजान लांबनं सांगत यायचं. हे बेनं मुकाट येतंय," असं म्हणत तुम्ही धुळीत डोळे बारीक करून बघत राहायचात. इद्रिसला मराठी येत नव्हतं आणि तुमचं हिंदी ऐकून हिंदीवाल्यांना घाम फुटायचा, पण तुम्ही दोघे त्या खांबाच्या सावलीत बसून तासन्‌तास काय बोलायचात ते मला अजून कळलेलं नाही. एकदा येऊन ऐकलं तर तुम्ही त्याला शेंगुळं कसं करतात ते सांगत होतात आणि तो गंभीरपणे मान डोलवत होता.

भांडण पुढे चावीवरूनच पेटलं. मी म्हणत होतो, दुसरी चावी करून ऑफिसात ठेवू. माणूस जेवायला जातो, इद्रिस नमाजाला जातो, चावी कुणाच्या तरी खिशात राहते आणि ट्राम खोळंबते. तुम्ही एकदाच उत्तर दिलंत आणि मग सहा वर्षं तेच देत राहिलात. "दोन चाव्या म्हंजी दोन मालक. एक म्हणंल बंद, दुसरा म्हणंल चालू. मधी मरायचं कुणी?" मी म्हणायचो, आणि एकच चावी हरवली तर? तुम्ही म्हणायचात, तर सगळं थांबंल. थांबलं तर काय बिघडतंय? कारखान्यात थांबण्याला काही बिघडणं मानत नाही असा तुमच्यासारखा फोरमन मी दुसरा पाहिला नाही. मॅनेजरसमोर मी तुमची बाजू घ्यायचो आणि बाहेर आल्यावर तुमच्याशी भांडायचो.

मग तुमचे पाय सुजायला लागले. फाटकापासून शेडपर्यंत चालताना तुम्ही मध्ये थांबून उगाच तारेकडे बघायचात, जणू तार तपासताय. धाप लागलेली कुणाला दिसू नये म्हणून ते होतं, मला कळत होतं. डॉक्टरांनी सांगितलं की हृदय थकलंय, इथली उष्णता झेपणार नाही, घरी जा, तिकडे औषधपाणी करा, बरीच वर्षं काढाल. इथेच राहिलात तर सांगता येत नाही. कंपनीने नाही म्हटलं नाही, आजारी फोरमन कुणाला हवा असतो? कायमचं घरी जायचा शिक्का, ज्या खुरूजसाठी माणसं इथे कफीलच्या दारात उभी राहून झिजतात, तो तुम्हाला नुसता हो म्हटलं की मिळणार होता. आणि तुम्ही हो म्हणत नव्हतात.

किती कारणं काढलीत. इद्रिसचा हात बसू द्या. वाऱ्याचे दिवस सरू द्या. तार टांगायचे चिनी मातीचे गट्टू नवे यायचेत, ते बसवून जातो. गट्टू आले, बसले, तर म्हणे आता ते उन्हात टिकतात का बघू. काकू फोनवर माझ्यापाशी रडल्या. मी तुमच्या खोलीत येऊन आरडाओरडा केला, काय वाटेल ते बोललो, शेजारच्या खोलीतला माणूस बघायला आला. तुम्ही शांतपणे म्हणालात, मी गेलो की तू दुसऱ्या दिवशी दुसरी चावी करशील. मला वाटलं, हा म्हातारा हट्टापायी मरणार आणि याची पेटी मलाच पोचवावी लागणार. त्या काळात मला तुमच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून मी वाट वाकडी करून जायचो.

आणि मग तो दिवस. मालगाडी यायची होती. इद्रिस नमाजाला गेला होता म्हणून तुम्ही स्वतः खोक्यापाशी गेलात, वीज बंद केलीत, चावी काढलीत, आणि फाटकाकडे वळायच्या आत खांबाला टेकून खाली बसलात. इद्रिस धावत आला तेव्हा तुम्ही आडवे झाला होतात. पोरांनी तुम्हाला पिकअपमध्ये घातलं आणि दवाखान्यात नेलं. चावी कुठे आहे हे विचारायचं कुणाला सुचलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

मी पोचलो तेव्हा काय दृश्य होतं ते तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं, तुम्ही कधी विचारलंही नाहीत. फाटक रुळांवर आडवं, कुलूप लागलेलं. फाटकाच्या तोंडाशी अख्खी मालगाडी उभी, ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन भोंग्यावर भोंगे देतोय. ट्राम अलीकडे पाइप घेऊन उभी, तिच्या पुढची तार मेलेली. कुणी पुढे जाऊ शकत नाही. इद्रिस गुडघ्यांवर बसून वाळू चाळतोय. मॅनेजर म्हणाला, ग्राइंडर आणा, कुलूप कापा. इद्रिस उठला आणि फाटकाला पाठ लावून उभा राहिला. एवढंच म्हणाला, "चाबी बापू के पास है." मॅनेजर ओरडला, तो हलला नाही. मग मीच म्हटलं, थांबा, मी आणतो, आणि जीप काढली.

जाताना वाटेत मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होतो. बघा, झालं ना मी म्हणत होतो तेच? एक चावी, आणि ती गेली तुमच्याबरोबर दवाखान्यात. मी बरोबर होतो. आणि पुढच्याच वळणावर लक्षात आलं की मागे सगळं थांबलंय, पण कुणाला खरचटलेलंसुद्धा नाही. ऐन वेळी माणूस कोसळला आणि तारेत वीज नव्हती, फाटक लागलेलं होतं. तुम्हीही बरोबर होतात. मला इतका राग आला की मी गाडीत एकटाच हसलो.

तुम्ही शुद्धीवर होतात. नाकात नळी होती. मी काही बोलायच्या आत तुम्ही विचारलंत, "गाडी थांबली का?" थांबली, म्हटलं. ट्राम? तीही थांबली. तुम्ही डोळे मिटलेत. मी चावी मागितली. नर्सने तुमचं घड्याळ आणि खिशातल्या वस्तू एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उशाशी ठेवल्या होत्या, चावी त्यात मला दिसत होती. मी हात घातला असता तर घेता आली असती. पण ती तुम्ही द्यायला हवी होती.

तुम्ही डोळे न उघडताच म्हणालात, "आबानं नव्या माणसाला फाटकाची चावी दिली. पुढची आवस बघितली न्हाई त्यानं."

तेव्हा मला सगळं कळलं, बापू. इद्रिसचा हात, वाऱ्याचे दिवस, गट्टू, दुसरी चावी, सगळं. सहा वर्षं ज्याच्याशी भांडलो तो माणूस घाबरलेला होता आणि मला ते दिसलंच नव्हतं.

मला शहाण्यासारखं काही सुचलं नाही. मी म्हटलं, "आबा म्हातारे झालेले, म्हणून गेले. चावी देऊन कुणी मरत नाही. पण इथे राहिलात तर नक्की मराल, आणि काकूंना तुमचं तोंडही बघू देणार नाहीत."

तुम्ही छताकडे बघत होतात. मग हात हलवून पिशवी माझ्याकडे सरकवलीत. "दुसरी करायची न्हाई," म्हणालात. मी म्हटलं, नाही करणार. तुम्ही म्हणालात, "मग सांग त्या सायबाला, जातो म्हणावं घरला."

चावी मी इद्रिसच्या हातात दिली. त्याने तार पुन्हा तपासली, ट्राम मागे आहे हे पाहिलं, कुलूप उघडलं. मालगाडी गेली. जाताना ड्रायव्हरने आम्हा दोघांना अरबीत जे काही ऐकवलं त्यातलं मला फक्त खलास एवढं कळलं, बाकीचं इद्रिसने सांगायचं टाळलं.

तुम्हाला दम्मामच्या विमानतळावर चाकाच्या खुर्चीतून आत नेलं. तुम्हाला ती खुर्ची अजिबात आवडली नव्हती, मागे वळून बघितलंसुद्धा नाहीत. तुम्ही पोचल्याचा धाकट्याचा फोन येईपर्यंत मी जेवलो नाही. पेटीतून न जाता आपल्या पायाने, बरं, आपल्या खुर्चीने, एक माणूस घरी गेला, याचा मला इतका आनंद झाला होता की मेसमधल्या सगळ्यांना मी त्या दिवशी इथली मिठाई, कुनाफा, खाऊ घातला. कुणी विचारलं कशाबद्दल, तर म्हटलं, आमचे बापू जिवंत गेले.

पुढची अमावास्या मी कॅलेंडरवर बघून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी फोन केला. "बापू, आवस झाली." तुम्ही म्हणालात, "झाली की. शेंगुळं खाल्लं." आणि दोघेही हसलो. त्यानंतर अमावास्या मोजायचं मी सोडून दिलं. तिकडच्या डॉक्टरांनी तुम्हाला मार्गी लावलं, तुम्ही दोन हुरडे खाल्लेत, नात मांडीवर खेळवलीत, म्हैस घेतलीत आणि तिच्याबद्दल तक्रारी केल्यात. तेवढं मिळालं. मला अजून हवं होतं, पण तेवढं मिळालं, आणि ते मिळणार नव्हतं हे मला माहीत आहे.

दर शुक्रवारच्या फोनवर तुमचा पहिला प्रश्न ठरलेला, "फाटक काय म्हणतंय?" माझ्या बायकोपोरांची चौकशी त्यानंतर. मी सांगायचो, ठीक आहे. एक मात्र मी सांगत नव्हतो. तुम्ही गावी गेल्यावर मी चावीला साखळी लावली. ती खांबावरच्या खोक्यापासून फाटकाच्या कुलपापर्यंत पोचते, त्यापुढे वीतभरही नाही. दुसरी चावी केली नाही, शब्द पाळला. पण आता ती कुणाच्या खिशात जात नाही आणि कुणाबरोबर दवाखान्यातही जाणार नाही. तुम्हाला हे आवडेल की तुम्ही याला कोकणी चलाखी म्हणाल, याची मला खात्री नव्हती. योग्य दिवशी सांगू, म्हणून ठेवून दिलं होतं. खरं म्हणजे शेवटचा शब्द माझा व्हावा अशी इच्छा होती.

गेल्या महिन्यातल्या त्या शुक्रवारी मी ठरवूनच फोन केला. फाटकाच्या खांबाखाली उभा राहून केला, इद्रिस शेजारी होता. तुम्ही फोन घेतलात आणि सुरूच झालात. नातीचा दात पडला, तो तिने तुमच्याच हाताने कौलावर टाकून घेतला. शेजाऱ्याने शिडी नेली ती परत आणलेली नाही. ज्वारी बरी आहे, यंदा तरी सुट्टी टाकून हुरड्याला ये, दरवर्षी नुसता येतो म्हणतोस. मी हो हो म्हणत वाट बघत होतो, साखळी अगदी जिभेवर होती. मध्येच काकूंनी आतून हाक मारली. "ठिवतो रं, धार काढायची वेळ झाली," म्हणालात आणि ठेवलातसुद्धा.

मी फोन हातात धरून उभा. इद्रिसने विचारलं, "बापू ने फाटक का पूछा?"

"नहीं पूछा," मी म्हटलं.

त्याने फाटकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हसला. मीही हसलो. परत फोन करून, किंवा पुढच्या शुक्रवारीही, साखळीचं सांगावं असं मला वाटलंच नाही. तुम्ही गावी जाऊन इतके दिवस झाले होते, पण घरी पोचलात ते त्या दिवशी.